महागाई आवरायची, पण कोणाच्या रोजगारावर?

निफाडकर:
८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला. शहरातली महागाई आवरायची होती, ठीक. पण डिसेंबरात येतो तो लाल कांदा. तो चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे ज्याला थांबता येत नाही त्यालाच कोंडीत पकडलं. आणि यात शेतकरी एकटा नाही. लागवड, निंदणी, काढणी, प्रतवारी, सगळीकडे बायकांची रोजंदारी असते. भाव पडला की पुढच्या हंगामाला लागवड घटते आणि आधी त्यांचं काम जातं. हा अन्याय आहे.

डोंबिवलीकर:
मजूरही कांदा विकतच घेतात ना? तेव्हाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. गरिबाच्या घरात तर त्याहून जास्त. महागाई आवरायचा दुसरा मार्ग व्याजदराचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्याने कांदा स्वस्त होत नाही, पण हप्ते वाढतात, कारखाने विस्तार पुढे ढकलतात, नोकरभरती थांबते. त्यापेक्षा जवळपास पाच महिने निर्यात थांबलेली परवडली.

निफाडकर:
परवडली कोणाला? २०२३ मध्येच सरकारने राखीव साठा ३ वरून ५ लाख टनांवर नेला, शहरात २५ रुपये किलोने कांदा विकला. हा मार्ग होता की हाताशी! तोच वाढवा. भाव पडलेला असताना लिलावात उतरून रास्त दराने खरेदी करा.

जालन्याहून:
दोघेही मजुरीची हमी विसरताय. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना (रोहयो) उभी राहिली, तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. हाताला काम असेल तर महागाई सोसता येते. रोहयोतून कांदा चाळी बांधा.

डोंबिवलीकर:
लाल कांदा चाळीत टिकत नाही, असं वरच लिहिलंय.

जालन्याहून:
उन्हाळ कांदा टिकतो. तो दिवाळीपर्यंत पुरला तर ऑक्टोबरात भाव भडकत नाही, आणि डिसेंबरात बंदी घालायची वेळ येत नाही.

डोंबिवलीकर:
चाळी आणि खरेदी, दोन्ही मान्य. पण पाऊस फिरला, उन्हाळ कांदा सडला, तर बंदीचा अधिकार सरकारकडे हवाच.

निफाडकर:
मग बंदीच्या काळातलं नुकसानही सरकारनेच भरावं. तसा कायदा करा, मी विरोध करणार नाही.