आधी बोर्डावरचे स्लॉट मोजा

नवा कॉम्प्युटर जुळवताना एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) केवढी घ्यावी, यावर 'आत्ता २५६ जीबीची घ्या, पुढे लागली तर दुसरी जोडा' असा सल्ला मिळतो. ऐकायला बरा वाटतो, पण मदरबोर्ड कोणता घेताय ते आधी बघा. एच६१० किंवा ए५२० चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा एम.टू स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) एकच असतो. मग 'जोडा' म्हणजे जुनी काढा, सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवा (क्लोन करा) आणि काढलेलीला गिऱ्हाईक शोधत बसा. साटा पोर्टला (ड्राइव्ह केबलने जोडायची जुनी सोय) दुसरी लागते, नाही असं नाही, पण तिथे वेग साधारण ५५० एमबी प्रति सेकंदावर अडतो. फोटो-सिनेमे ठेवायला ठीक.

आणि २५६ ची विंडोजमध्ये दिसते २३८, ५०० ची ४६५ (फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने). शिवाय त्याच मॉडेलच्या लहान ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग बहुधा कमी असतो, आत मेमरीच्या चिप कमी म्हणून. काठोकाठ भरली की आणखी रेंगाळते. नुसतं टॅली, ब्राउझर असेल तर ५०० भरपूर झाली. पुतण्याचं मशीन इथे सांगलीत जुळवताना मात्र आम्ही १ टीबी घेतली, रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर काट मारून. साहेब जरा रुसले. कॅड, अँड्रॉइड स्टुडिओ आणि दोन मोठे गेम चढल्यावर पंख्यांचा विषय निघाला नाही.