'नियमन' की 'नियंत्रण'? आरआरएनए जनुकांच्या संदर्भात

रत्नागिरीतून : बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहिते आहे. 'पेशीविशिष्ट प्रथिनं' आरआरएनए जनुकांचं (रायबोझोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएच्या जनुकांचं) प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, कमीजास्त कसं करतात, हा विषय. 'रेग्युलेशन'साठी 'नियंत्रण' लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. तुम्ही काय लिहाल?

अलिबागहून : मॅडम, 'नियमन'. 'नियंत्रण' म्हटलं की मराठी माणसाला आटोक्यात आणणं आठवतं : रोगनियंत्रण, गर्दीनियंत्रण. इथे कारभार एकतर्फी नाही. हाडं घडवणाऱ्या पेशींतलं रन्क्स-२ हे प्रथिन आरआरएनए जनुकांवर बसून प्रतिलेखन दाबतं. हे २००७ साली दाखवलं गेलं. रक्तपेशींच्या पूर्वपेशींत मात्र सी/ईबीपी-अल्फा हे प्रथिन त्याच जनुकांवर बसतं आणि ते नाहीसं केलं तर तिथली आरएनए पॉलिमरेज-१ची (प्रतिलेखन करणाऱ्या विकराची) हजेरी घटते. म्हणजे ते चालना देतं. आमच्या खारबांधाची उघाडी ओहोटीला शेतातलं पाणी सोडते, भरतीला खाडीचं अडवते. 'नियमना'त अशी दोन्ही कामं मावतात.

मालवणहून : माका पण 'नियमन' ह्योच शब्द बरो वाटता. पण 'पेशीविशिष्ट प्रथिन' म्हणजे ठरावीक पेशींत बनणारं, की ठरावीक पेशींवर परिणाम करणारं? दोन्ही अर्थ निघतात.

अलिबागहून : बरोबर पकडलंत. ठरावीक प्रकारच्या पेशींत बनणारं, हा अर्थ. 'पेशीप्रकार-विशिष्ट' लिहिलं तर घोटाळा टळेल. शेजारी यूबीएफ आणि एसएल-१ यांचाही उल्लेख करा. याच प्रतिलेखनाची ही प्रथिनं सगळ्या प्रकारच्या पेशींत लागतात, त्यामुळे फरक लगेच कळतो.

देवगडहून : एक बाळबोध शंका. जनुकात प्रथिनाची माहिती असते असं शिकलो. मग या जनुकांपासून कुठलं प्रथिन होतं?

रत्नागिरीतून : कुठलंच नाही, आणि मुलं नेमकी इथेच चुकतात. दहावीच्या पुस्तकात 'प्रतिलेखन' आणि 'भाषांतरण' (आरएनएवरून प्रथिन बनणं) पाठोपाठ येतात, म्हणून एक झालं की दुसरं होणारच असं वाटतं. इथे फक्त प्रतिलेखन होतं. ४७एस नावाचा लांब आरएनए रेणू तयार होतो, त्याच्या छाटणीतून १८एस, ५.८एस आणि २८एस हे छोटे आरएनए मिळतात आणि ते रायबोझोमचेच घटक होतात. रायबोझोमच्याच ५एस आरएनएची जनुकं वेगळी, त्यांचं प्रतिलेखन पॉलिमरेज-३ करतं.

अलिबागहून : आणि 'जनुकांचं' हे अनेकवचन सोडू नका. माणसात १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांवर मिळून ४७एसच्या जनुकाच्या शेकडो प्रती असतात, त्यातल्या बऱ्याच बंद असतात. बंद प्रतींना 'मूक' म्हणावं, 'मृत' नको. त्यांतल्या काही पुन्हा चालू होऊ शकतात.