कंपनीचं कल्चर खरंच बदलतं का, की नुसती पोस्टरं बदलतात?

मधला_मजला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमची कंपनी जुनी, एका प्रॉडक्टवर वर्षानुवर्षं आरामात चाललेली. आता गिऱ्हाईक सरकायला लागलंय, नवे लोक तेच काम स्वस्तात आणि पटकन करून देतायत, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. नवीन सीईओ आले, आल्या आल्या "आपल्याला कल्चर बदलायचंय" असं जाहीर झालं, एक ट्रान्सफॉर्मेशन ऑफिस उघडलं, कन्सल्टंट आले, भिंतीवर व्हॅल्यूज लागल्या आणि टीमला आता स्क्वॉड म्हणायचं असं ठरलं. माणसं तीच, कामं तीच. व्हॅल्यूजमधली एक अशी की "वाईट बातमी सगळ्यात आधी सांगा".

आता गंमत बघा. रिव्ह्यूच्या शीटवर प्रत्येक प्रोजेक्टची एक रांग असते, हिरवी, पिवळी किंवा लाल. शेजारच्या टीमच्या लीडने आपली रांग लाल केली, म्हणजे तारीख गाठता येणार नाही असं सरळ सांगितलं. मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला नाही की काही नाही, फक्त "ह्यावर नंतर बोलू" झालं. पुढच्या रिव्ह्यूला रांग पिवळी, तारीख तीच, आणि लीडच्या नावाच्या रकान्यात दुसरंच नाव. तेव्हापासून अख्खी शीट हिरवीगार आहे.

तर प्रश्न असा की ज्या कंपन्या खरंच बदलल्या त्यांनी नेमकं काय केलं? प्रेरणादायी भाषणं नकोत, ती ऑफिसात भरपूर मिळतात. आणि माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या माणसाच्या हातात काही असतं का?

---

चष्मेबहाद्दर

ट्रान्सफॉर्मेशन ऑफिसचं वाचून हसू आलं, कारण हा रोग 1961 सालीच लिहून ठेवलेला आहे. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर ह्या दोन अभ्यासकांनी स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या कंपन्या बघितल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या धंद्यात शिरू बघत होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाजार स्थिर असेल तर उतरंड, ठरलेली कामं, वरून खाली हुकूम हे सगळं छान चालतं, पण बाजार आणि तंत्रज्ञान रोज बदलत असेल तर कामाच्या हद्दी सैल लागतात आणि ज्याला माहिती आहे त्याने निर्णय घ्यायचा असतो, मग तो कुठल्या का पायरीवर असेना. पहिल्या प्रकाराला त्यांनी यांत्रिक म्हटलं आणि दुसऱ्याला सेंद्रिय.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. एक म्हणजे त्यांनी पहिला प्रकार वाईट आणि दुसरा चांगला असं म्हटलेलंच नाही, परिस्थिती कशी आहे त्यावर ते अवलंबून. आणि दुसरं, मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं, की ज्या कंपन्यांना बदलणं जमलं नाही त्या गप्प बसल्या नव्हत्या, त्यांनी पळवाटा काढल्या. कुठे जो तो आपल्या साहेबाला वळसा घालून थेट मोठ्या साहेबाकडे, मग सगळ्या फायली एकाच टेबलावर तुंबणार. कुठे नवीन अडचण आली की नवीन खातं. कुठे समित्यांवर समित्या. आणि त्या नव्या खात्याची मेख अशी की त्याचं पोट त्या अडचणीवरच भरत असतं, अडचण सुटली तर खातं बंद, मग ती सुटणार कशी? तुमच्या कन्सल्टंटांना हे विचारू नका, त्यांचंही पोट आहे.

---

शॉपफ्लोअर

मी कारखान्यातला माणूस, मला सेंद्रिय बिंद्रिय कळत नाही पण त्या लाल रांगेवरून एक गोष्ट सांगतो. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला प्लांट होता, बदनाम, गैरहजेरी 20 टक्क्यांच्या घरात, कामावर दारू, मुद्दाम गाड्या बिघडवून ठेवायचे, 1982 मध्ये बंदच केला. मग 1984 मध्ये तोच प्लांट टोयोटाबरोबर भागीदारीत नुमी (NUMMI) नावाने परत उघडला आणि कामगार बहुतेक तेच घेतले, युनियन पण तीच, सगळे म्हणाले डोकं फिरलंय ह्यांचं. आणि थोड्याच काळात गैरहजेरी 2 टक्क्यांवर आली आणि गाड्या जपानी प्लांटच्या तोडीच्या निघायला लागल्या.

केलं काय? काही लोकांना जपानला नेऊन प्रत्यक्ष लाईनवर उभं केलं आणि इकडे लाईनच्या डोक्यावर दोरी लावली, अँडॉन म्हणतात तिला. काही चुकतंय असं दिसलं की कुणीही ओढायची. जुन्या प्लांटात लाईन थांबवणं म्हणजे महापाप, चुकीचा पार्ट लागला तरी गाडी पुढे ढकला, मागाहून दुरुस्त करू. आता दोरी सगळेच लावतात हो, दोरी म्हणजे काय, सुतळी आणि दिवा. खरी गोष्ट पुढे आहे, दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो आणि विचारतो "काय झालं, काय मदत करू". "कुणी थांबवली रे लाईन" असं नाही विचारत. एवढाच फरक आहे पण सगळा फरक तिथेच आहे, आणि तो टीम लीडर मोकळा राहील, त्याच्यामागे चारच-पाच माणसं असतील अशी सोय आधी करून ठेवलेली असते, नाहीतर तो धावणार कुठून? तुमच्याकडे त्या लीडने दोरी ओढली आणि कंपनीने त्यालाच उचलून बाजूला ठेवला. बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकले.

आणि आता उलटी बाजू पण ऐका, जनरल मोटर्सला हे सगळं घरात शिकायला मिळालेलं असून बाकीच्या प्लांटांत नेता नेता दमछाक झाली. तिथून शिकून आलेले मॅनेजर कंपनीभर एकेकटे विखुरले, जिथे गेले तिथे जुनीच माणसं, जुनीच टार्गेटं, दिवसाला गाड्या किती काढल्या त्यावर बोनस. एकटा माणूस काय करणार तिथे.

---

निशिगंध

शॉपफ्लोअर ह्यांनी शेवटी बोनसचा विषय काढला ते बरं झालं, मला तेच म्हणायचं होतं.

आयबीएमचं बघा. 1993 मध्ये लू गर्स्टनर सीईओ म्हणून आले तेव्हा कंपनी त्या एका वर्षात 8 अब्ज डॉलरच्या आसपास तोट्यात होती आणि तिचे तुकडे करून विकायची तयारी चाललेली. त्यांनी तुकडे करणं थांबवलं, हे सगळ्यांना माहितीये. पण त्याच्या जोडीला वरिष्ठांच्या बोनसचा नियमही बदलला. आधी आपापल्या विभागाचं बरं झालं की बोनस, मग दुसऱ्या विभागाला कोण कशाला मदत करेल, आणि तुम्ही कितीही "एक कंपनी, एक कुटुंब" ओरडा. त्यांनी बोनस सगळ्या कंपनीच्या निकालाला बांधला.

पांढऱ्या शर्टाचा किस्सा पण त्यातलाच. आयबीएमवाले गडद सूट आणि पांढरा शर्ट ह्यासाठी प्रसिद्ध, 1995 मध्ये ते बंधन गेलं. लोकांना वाटतं गर्स्टनरनी शिस्त सैल केली. त्यांचं स्पष्टीकरण वेगळं होतं: मूळ कल्पना अशी की गिऱ्हाईक जसं राहतं तसं तुम्ही राहा, त्याचा मान ठेवा. त्या काळी गिऱ्हाईक सूट घालायचं म्हणून सूट. नंतर गिऱ्हाईकाने सूट सोडला आणि आयबीएमने नाही, कारण नियम लक्षात राहिला आणि तो का केला होता ते सगळे विसरले. मला वाटतं जुन्या कंपनीत एकेक नियम घेऊन "हा मुळात कशासाठी होता" एवढं विचारत गेलं तरी निम्मं काम होईल.

मायक्रोसॉफ्टचं श्रेय सगळे सत्या नडेलांच्या भाषणांना देतात. भाषणं चांगली असतील, पण ते फेब्रुवारी 2014 ला सीईओ झाले आणि त्याच्या आधीच, नोव्हेंबर 2013 मध्ये, आधीचे सीईओ स्टीव्ह बामर ह्यांच्याच काळात, स्टॅक रँकिंग बंद झालं होतं. म्हणजे टीम कितीही चांगली असो, काही लोकांना खालचा शेरा द्यायचाच, अशी ती पद्धत. तिच्यात हुशार माणूस हुशार माणसांच्या टीममध्ये जायलाच घाबरतो आणि शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. नंतरच्या पद्धतीत दुसऱ्याच्या यशाला तुम्ही काय हातभार लावला आणि दुसऱ्याने केलेल्या कामाचा तुम्ही काय उपयोग केला हेही विचारायला लागले. आधी अप्रेझलचा फॉर्म बदला, मग भाषण करा, तेव्हा लोक ऐकतात.

---

तिरकस

सगळं पटलं, पण एक खडा टाकतो. कल्चर कल्चर करताना आपण नशीब आणि हिशेब विसरतो. कोडॅकची गोष्ट सगळ्या सेमिनारात सांगतात, की 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच इंजिनियरने बनवला आणि साहेबांनी दाबून टाकला, म्हणून 2012 मध्ये दिवाळखोरी. इतकं सोपं नाहीये ते. कोडॅकने नंतर डिजिटलवर भरपूर पैसा ओतला, 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात ते पहिले होते! पण फिल्मच्या रोलमध्ये जो नफा होता तो कॅमेऱ्यात नव्हताच, आणि मग कॅमेरा फोनमध्ये शिरला. कल्चर बदलून नफा कुठून आणणार होते?

फुजीफिल्म वाचली ती काय कॅमेऱ्यांवर नाही वाचली. रंगीत फिल्मची मागणी 2000 च्या सुमाराला शिखरावर होती, तिथून धडाधड खाली. कोमोरी प्रमुख असताना फुजीने आधी फिल्मच्या धंद्यातला खर्च निर्दयपणे कापला, माणसं कमी केली, आणि मग आपल्याला येतं काय ह्याची यादी केली. फिल्ममध्ये जिलेटिन म्हणजे कोलॅजन, फोटो फिका पडू नये म्हणून अँटिऑक्सिडंट, पातळ थर एकावर एक चढवायची विद्या. तिथून एलसीडी स्क्रीनला लागणारी फिल्म, चेहऱ्याची क्रीम, औषधं. आणि कोडॅक? त्यांच्याकडे स्वतःचा औषधांचा आणि रसायनांचा धंदा होता, 1994 मध्ये दोन्ही सोडून दिले, फोटोवर लक्ष द्यायचं म्हणून. तेव्हा त्याला "फोकस" म्हणून टाळ्या पडल्या असतील.

मधला_मजला, तुमच्या कंपनीत पैसा कुठून येतो आणि पाच वर्षांनी कुठून येणार हे कुणी सांगितलंय का? ते नसेल तर स्क्वॉड म्हणा नाहीतर पलटण म्हणा, नव्याचे नऊ दिवस.

---

चष्मेबहाद्दर

तिरकस, कोडॅकबद्दल मान्य. पण नोकियाचं काय? तिथे पैसाही होता आणि इंजिनियरही. हुय आणि वुओरी ह्या दोन संशोधकांनी तिथल्या 76 लोकांशी बोलून, त्यात साहेब, मधले मॅनेजर, इंजिनियर सगळे आले, 2016 मध्ये जे मांडलं ते असं की वरचे बाजाराला आणि भागधारकांना घाबरलेले, मधले वरच्यांना घाबरलेले. वरून दबाव आला की खालून "होईल, होईल" असं उत्तर जायचं, आणि सिम्बियनची, म्हणजे नोकियाच्या फोनमधल्या सॉफ्टवेअरची, खरी अवस्था काय आहे ते वर पोचायचंच नाही. म्हणजे हिरवीगार शीट, फक्त आकार मोठा.

---

मधला_मजला

बापरे, अख्खं शिबिरच झालं की. सगळ्यांचे आभार.

तिरकस, पैशाचं विचारलंत ते टाऊनहॉलमध्ये मीच विचारलं होतं, "रोडमॅप लवकरच शेअर करू" असं उत्तर आलं. निशिगंध ताई, तुमचं वाचून अप्रेझलचा फॉर्म उघडून बघितला. जुनाच आहे, फक्त वर व्हॅल्यूजचा एक डबा वाढवलाय, त्याला वजन शून्य. शून्य म्हणजे खरंच शून्य, रकान्यात लिहिलंय. खाली आपापल्या विभागाची टार्गेटं आणि "दिलेल्या तारखा पाळल्या का" हे सगळ्यात जड. आता रांग कुणाचा बाप लाल करेल?

पण हा फॉर्म काही मी बदलू शकत नाही. मग आम्ही मधल्यांनी नुसतं बघत बसायचं?

---

निशिगंध

नाही हो, उलट मोठे बदल पुष्कळदा मधल्यांनीच सुरू केलेले असतात. इंटेल मुळात मेमरी चिपवाली कंपनी, जपानी कंपन्यांनी तिथे मार मार मारलं. 1985 मध्ये कंपनीचे प्रेसिडेंट ग्रोव्हनी सीईओ मूरना विचारलं की आपल्याला हाकलून बोर्डाने नवा सीईओ आणला तर तो काय करेल, मूर म्हणाले मेमरीतून बाहेर पडेल, आणि मग ते पडले. ही गोष्ट फार सांगितली जाते. कमी सांगितली जाते ती अशी की तोपर्यंत कारखान्यातली बरीचशी जागा आधीच मायक्रोप्रोसेसरकडे गेलेली होती. का, तर प्रत्येक वेफरमागे (जिच्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची चकती) ज्यात जास्त नफा त्याला आधी जागा, असा उत्पादनाच्या वाटपाचा साधा नियम होता, आणि मधले मॅनेजर तो महिनोन्महिने पाळत होते. वरचे "आपण मेमरी कंपनी" म्हणत राहिले आणि खाली कंपनी बदलून गेली होती. साहेबांनी शेवटी शिक्का मारला.

म्हणून बघा, तुमच्या हातातला नियम कुठला? माणसं कुठे लावायची, कुठलं काम आधी, तुमच्या टीमची मीटिंग कशी चालते, एवढं तर असेलच. त्यावर वरून कुणाची सही लागत नाही.

---

शॉपफ्लोअर

आणि एकट्याने दोरी ओढायची नाही. एकाला उचलता येतं, चौघांना एकदम उचलता येत नाही. तुम्ही लीड लोक आधी आपापसात बसा, खऱ्या तारखा एकमेकांना सांगा, मग एकाच रिव्ह्यूला सगळ्यांनी खरा रंग लावा आणि शेजारी लिहा काय मदत पाहिजे, दोन माणसं की अमुक मंजुरी. नुसता लाल बघितला की साहेबाला ते तुमचं अपयश दिसतं, बाजूला मागणी लिहिली की त्याला काहीतरी ठरवावं लागतं. आणि तुमच्या टीममधला पोरगा वाईट बातमी घेऊन आला तर तुमचं तोंड कसं होतं ते पण बघा, तिथपासूनच सुरुवात.

---

तिरकस

ह्याला अनुमोदन. फक्त तो बाजूला केलेला लीड आता कुठे आहे आणि पुढचं प्रमोशन कुणाला मिळतंय ह्यावर लक्ष ठेवा. सीईओ नवीन आहे, कदाचित त्याला ती रांग कुणी पिवळी केली हे माहितीच नसेल. माहिती असून गप्प असेल तर बायोडेटा काढून ठेवा.

---

मधला_मजला

तो लीड अजून कंपनीतच आहे, "स्पेशल प्रोजेक्ट"वर, म्हणजे काय ते समजून घ्या. काल त्याच्याशी बोललो, रांग त्याच्या साहेबांनी परस्पर बदलली होती, सीईओंपर्यंत लाल शीट गेलीच नव्हती. तेव्हा तिरकस, तुमचा संशय बरोबर निघाला.

शॉपफ्लोअर, तुम्ही म्हणालात तसं बाकीच्या लीडना गाठलं. दोघं पुढच्या रिव्ह्यूला खऱ्या तारखा टाकायला तयार आहेत, मी तिसरा. चौथा म्हणतो आधी तुमचं काय होतंय ते बघतो मग मी टाकतो, आणि घरचं कर्ज बघता त्याचंही काही चूक नाही.