ज्येष्ठ, वरिष्ठ आणि 'सेवाज्येष्ठता'

दुपारी१ते४:
एका संस्थेचं पत्र मराठीत करून देतोय. शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीवर आलेल्या हरकतीला उत्तर आहे. त्यात १९८१च्या खासगी शाळा सेवाशर्ती नियमावलीतली, अनुसूची 'फ'ची टीप आलीय. आशय असा की एकाच प्रवर्गातल्या दोघांची सलग नेमणुकीची तारीख एकच असेल, तर वयाने सीनियर तो सीनियर धरावा. मी लिहिलं, 'वयाने ज्येष्ठ असलेला शिक्षक वरिष्ठ समजावा'. हेडक्लार्कनी लाल पेनानं 'वरिष्ठ' खोडून वर 'ज्येष्ठ' लिहिलं. आता वाक्य झालंय, 'ज्येष्ठ असलेला शिक्षक ज्येष्ठ समजावा'. काय करू?

भिकबाळी:
हेडक्लार्क बरोबर. वरिष्ठ म्हणजे हुद्द्यानं वरचा, ज्याचं ऐकावं लागतं तो. दोन सहशिक्षकांत कोणी कोणाचा वरिष्ठ नसतो. दोघांचे वरिष्ठ मुख्याध्यापक.

पौडफाटा:
मग 'वरिष्ठ वेतनश्रेणी'चं काय? १२ वर्षं झाली की मिळते. हुद्दा तोच, खडू तोच. आणि वरिष्ठ महाविद्यालय काय कनिष्ठ महाविद्यालयाला हुकूम सोडतं?

भिकबाळी:
सरकारी मराठीचे दाखले देऊ नका, जेवण जात नाही.

निवृत्त_मास्तर:
शब्द कुठलाही घाला, त्या टिपेनं माझं पर्यवेक्षकपद घालवलं. मी आणि एक सर एकाच दिवशी रुजू झालो, दोघंही बी.एड. वीसेक वर्षं कोणाला फरक पडला नाही. जागा रिकामी झाली तसे दोघांचे दाखले टेबलावर आले. माझा जन्म १२ जूनचा. त्यांचा, त्याच साली, १ जूनचा. आता १ जून म्हणजे काय ते इथं सांगायला नको, आमच्या पिढीत निम्मं गाव १ जूनलाच जन्मलंय. त्यांची आई स्वतः सांगायची, गणपतीत झाला म्हणून. पण कागद तो कागद. अकरा दिवसांनी मी धाकटा ठरलो. यादी फिरली, सही केली. मी त्यांना अजून 'सर' म्हणतो, ते मला 'ए'.

ताककण्या:
मास्तर, __/\__

मूळ शब्दाबद्दल थोडं. ज्येष्ठ हे 'वृद्ध'चं तमभावाचं रूप, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाणिनीनं आधी 'ज्य च' म्हणून 'प्रशस्य'च्या जागीही तेच 'ज्य' येतं असं सांगितलंय आणि लगेच पुढे 'वृद्धस्य च'. म्हणजे ज्येष्ठ हा सर्वांत जुनाही आणि सर्वांत वाखाणण्याजोगाही. 'वरिष्ठ' मात्र 'उरु'पासून, उरु म्हणजे रुंद, ऐसपैस. 'वर'चा, म्हणून वरिष्ठ, ही आपली घरगुती व्युत्पत्ती.

पौडफाटा:
ऐसपैस! आमचे वरिष्ठ डोळ्यांसमोर आले.

कर्वेरस्ता:
मराठीतही तेच आहे की. थोर आणि थोरला. थोरले माधवराव म्हणताना दोन्ही अर्थ वाजतात. 'थोर' हा 'स्थविर' म्हणजे म्हातारा, त्यावरून आला असणार असं माझं मत आहे.

ताककण्या:
मत असू दे. मी 'स्थूर'च्या, म्हणजे जाडजूडच्या बाजूनं.

अमृततुल्य_दोनकट:
मला मुळात 'सेवाज्येष्ठता' हा शब्दच फसवा वाटतो. आमच्या बाई १९९८ला डी.एड.वर हायस्कूलला लागल्या. बी.एड. केलं २००६ला, बाहेरून, दोन पोरं सांभाळून. एक सर २००२ला थेट बी.एड.वर आले. सेवा बाईंची जास्त, यादीत सर वर. कारण 'क' प्रवर्गात, म्हणजे बी.एड.वाल्यांच्या गटात, सर आधी आले. बाई मला विचारायच्या, यात 'सेवा' कुठे मोजलीय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवर्गज्येष्ठता म्हणा ना सरळ.

निवृत्त_मास्तर:
स्टाफरूममध्ये 'सिनॅरिटी' म्हणतात. कोणालाही विचारा.

भिकबाळी:
आणि म्हणून आपणही म्हणायचं? उद्या पदोन्नतीला 'प्रमोशन' म्हणा.

पौडफाटा:
पदोन्नती कोण म्हणतं? बढती म्हणतात.

भिकबाळी:
बढती हिंदी आहे.

कर्वेरस्ता:
असेल. आजोबांना बढती मिळाली तेव्हा पेढे वाटले होते. पदोन्नतीचे पेढे ऐकलेत का कधी?

अमृततुल्य_दोनकट:
आता ज्येष्ठ असून भागत नाही. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षं उरली नसतील, तर टीईटीवाचून, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवाचून, नोकरी राहते, बढती नाही. तिच्या मराठी नावात 'पात्रता' आहे, नियमात 'अर्हता'. हा फरक कोणी सांगेल?

ताककण्या:
अर्हता म्हणजे तुमच्याकडे काय आहे, पात्रता म्हणजे तेवढ्यावर काय मिळू शकतं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

गौरीच्या_हाती:
उशिरा आले. आमच्याकडे गौरी दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर पुरणपोळी, मुळावर निरोप. उंबऱ्यातून आधी ज्येष्ठा. एकदा जावेनं कनिष्ठा आधी आत नेली, तर सासूबाईंनी दोघींना पुन्हा अंगणात नेऊन पहिल्यापासून आणलं.

पौडफाटा:
सासूबाई ज्येष्ठ की वरिष्ठ?

गौरीच्या_हाती:
ऐसपैस.

दुपारी१ते४:
मंडळी, पत्र उद्या सकाळी द्यायचंय. 'दोघांपैकी वयाने मोठा तो ज्येष्ठ समजावा' असं करतोय. चालेल?

भिकबाळी:
'वयाने' की 'वयानं'?