'मोनिन'चं पहिलं मिनिट भारी, पुढचं कोणासाठी?

ड्रमर आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स बँडचा १९५८ चा 'मोनिन' अल्बम काल रात्री हेडफोन लावून पूर्ण ऐकला, कारण जो तो सांगतो हार्ड बॉप (ब्लूज आणि चर्चच्या गाण्याचा रंग असलेला जॅझ) इथूनच सुरू कर. त्याच नावाच्या पहिल्या ट्यूनची सुरुवात कबूल, पियानो एक ओळ टाकतो, ट्रम्पेट-सॅक्स 'आमेन' म्हटल्यासारखे दोन सूर देतात, काटाच आला अंगावर. पण ट्यून साडेनऊ मिनिटांची आहे हो! पुढे ट्रम्पेट, सॅक्स, पियानो, बेस, ज्याचं त्याचं दळण चालू. अल्बममधला 'ब्लूज मार्च' तर वरातीचा बँड वाटला. ओव्हररेटेड.

तिसरी_घंटा : दळण?? अहो ट्रम्पेटवाल्या ली मॉर्गनचा सोलो संपतो तिथला शेवटचा तुकडा ऐका, सॅक्सवाला बेनी गोल्सन तोच उचलून स्वतःचं सुरू करतो, म्हणजे हा नंबर लावून बसलेला नाहीये, समोरच्याचं ऐकतोय. मॉर्गन तेव्हा २० वर्षांचा होता, आम्ही त्या वयात केटी सोडवत होतो.

टाळकरी : +१. आणि ते 'आमेन' म्हणजे आपलं भजनच की, बुवांनी म्हटलं की मागून मंडळी उचलतात.

खडूस : टाळकरीबुवा, प्रत्येक गोष्टीला आपला टाळ बांधायलाच हवा का? ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलंय. पियानोवाला बॉबी टिमन्स तो आठच मात्रांचा... सॉरी, आठ बारचा (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) तुकडा दोन गाण्यांच्या मध्ये गंमत म्हणून वाजवायचा, गोल्सन मागे लागला म्हणून त्याने मधला भाग जोडला. तरी धागाकर्त्याशी अर्धा सहमत, रेकॉर्डची दुसरी बाजू पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही.

तिसरी_घंटा : दुसऱ्या बाजूला ब्लेकीच्या ड्रम्सची 'ड्रम थंडर स्वीट' आहे महाराज!

खडूस : म्हणूनच म्हणतोय.

टाळकरी : बरं, भजन सोडा. धागाकर्ते, एक करा, समेवर पाय आपटू नका, आपली खोड आहे ती. ब्लेकीचा पायातला हाय-हॅट (पायाने वाजवायची झांजांची जोडी) चार मात्रांतल्या दोन आणि चारवर 'चिक' वाजतो, तिथे चुटकी वाजवत मॉर्गनचा सोलो परत ऐका.

धागाकर्ता : केलं. चार वेळा चुटकी एकवरच पडली, बायको विचारत होती काय चाललंय. पाचव्यांदा जमली आणि हो, सोलो लांब नाही वाटला, आणि ब्लेकीचा तो घर्रर्र रोल येतो ना, मागून ढकलल्यासारखा, तो काल ऐकूच आला नव्हता. 'दळण' मागे घेतो. वरात कायम!