मिडल स्कूलमधून (सहावी-आठवी) हायस्कूलला (नववी-बारावी) जाताना पालकांपर्यंत माहिती पोहोचवायची कशी? (टेक्सास)

सातवीची_आई

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, २०१९ ला पुण्याहून आलो. मोठा मुलगा आता नववीत, धाकटी सातवीत. मोठ्याच्या वेळी काय झालं ते आधी सांगते म्हणजे प्रश्न नीट कळेल.

तो सातवीत असताना फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद शाळेतून आला. आला म्हणजे त्याच्या दप्तरात आला. मला तो सापडला मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला दप्तर धुवायला काढलं तेव्हा, पार तळाशी चुरगळलेला, वर केळ्याचा डाग, पालकांच्या सहीची जागा कोरी. मधल्या काळात तीन ईमेलही येऊन गेले होते पण शाळेकडून रोज इतकं काय काय येतं, पिझ्झा नाईट, फोटोचा दिवस, हरवलेल्या जॅकेटांचा ढीग, की त्यात ते बुडाले. मुलाने शाळेच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) स्वतःच क्लिक करून टाकलं होतं, गणिताला आठवीचं साधं गणित, कारण मित्राने तेच घेतलं. मलाही वाटलं गणित म्हणजे गणित, आपल्याकडे आठवीला सगळ्यांना एकच पुस्तक असायचं ना. आल्जिब्रा १ आठवीत घेतलं तर हायस्कूलचं क्रेडिट (म्हणजे विषय पूर्ण केल्याची नोंद, अशी ठरावीक जमवावी लागतात) मिळतं, आणि नाही घेतलं तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायला मधे एखाद्या वर्षी दोन गणितं एकदम नाहीतर उन्हाळ्यात एक करावं लागतं, हे मला कळलं तो आठवीत जाऊन सप्टेंबर उजाडल्यावर, एका वाढदिवसाच्या पार्टीत दुसऱ्या आईकडून! शाळेच्या काउन्सेलरना (विषय निवडायला मार्गदर्शन करणाऱ्या बाईंना) भेटले, त्या चांगलं बोलल्या, पण तोवर वर्ग भरले होते आणि अभ्यासक्रमही पुढे गेला होता.

मुलगा एकदा म्हणाला, आई तुला माहीत असतं तर तू सांगितलं असतंस ना. ते मनातून जात नाही.

आता यावर्षी मी पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) नाव दिलंय आणि जानेवारीत सातवी-आठवीच्या पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवायचं ठरतंय, ते काम माझ्याकडे आलंय. आमच्या शाळेत मराठी, तेलुगू, स्पॅनिश बोलणारी घरं भरपूर, आणि कितीतरी घरांत दुपारचं सगळं आजी-आजोबाच बघतात. तर त्या संध्याकाळी नेमकं काय सांगावं, आणि जे येणारच नाहीत त्यांच्यापर्यंत कसं पोचावं? तुमच्या शाळांत काय चाललं, काय नाही चाललं, सगळं सांगा प्लीज.

उत्तर_डॅलसकर

ताई, तुम्ही हे काम घेतलंत हे फार बरं केलंत. माझी दोन्ही मुलं टेक्सासच्याच पब्लिक शाळांतून कॉलेजला गेली, त्यामुळे जे उशिरा कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे पालकांना सगळं चित्र एकदम दाखवा, नुसता फॉर्म नको. इथे हायस्कूलच्या डिप्लोमाला किमान २२ क्रेडिट लागतात, आणि एन्डॉर्समेंट (एखाद्या विषयगटावर दिलेला भर) घेतली की २६. एन्डॉर्समेंट पाच प्रकारच्या, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित), बिझनेस अँड इंडस्ट्री, पब्लिक सर्व्हिसेस, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज आणि मल्टिडिसिप्लिनरी. नववीत जाताना मुलाला यातली एक लेखी सांगावी लागते. नंतर बदलता येते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आपल्या लोकांना हा शब्दच पहिल्यांदा त्या दिवशी ऐकू येतो आणि मग मुलगा जे सांगेल त्यावर सही.

दुसरं, डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट म्हणून एक गोष्ट आहे, त्यासाठी आल्जिब्रा २ धरून चार गणितं, चार सायन्स आणि एक एन्डॉर्समेंट लागते. वर्गात वरच्या दहा टक्क्यांत आलेल्यांना राज्याच्या युनिव्हर्सिट्यांत जो आपोआप प्रवेश मिळतो त्यासाठी साधारणपणे ही लेव्हल लागते. ऑस्टिनच्या यूटीने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने) तर ती मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आणलीय, आधी सहा होती. आता हे सातवीच्या आईला कशाला सांगायचं असं वाटेल, पण आठवीत घेतलेल्या हायस्कूल क्रेडिटच्या विषयाचा ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) जातो, आणि काही डिस्ट्रिक्ट (भागातल्या शाळा चालवणारी संस्था) तो जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात, काही धरत नाहीत. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये काय आहे ते काउन्सेलरकडून आधीच लेखी घ्या आणि त्या संध्याकाळी पहिल्या पाच मिनिटांत सांगा. आमच्या वेळी हे कोणीच बोललं नव्हतं, पोरीने आठवीचं स्पॅनिश १ हसतखेळत घेतलं आणि तो ग्रेड पुढे चार वर्षं सोबत राहिला.

आणि हो, धाकटीच्या पाठच्या मुलांसाठी, २०२३ मध्ये राज्याने कायदा केलाय की पाचवीच्या स्टार या राज्याच्या परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्यांना सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड गणितात घालायचं, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. म्हणजे आल्जिब्राचा रस्ता सहावीतच सुरू होतो. तुमच्या संध्याकाळी पाचवी-सहावीचे पालकही बोलवा असं मी म्हणेन.

शाळेतली_मावशी

मी ह्यूस्टनकडे एका मिडल स्कूलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. माहिती पाठवली जाते, खरंच जाते, पण कुठे जाते ते बघा. नाव घालताना घाईत एकच ईमेल दिलेला असतो, बहुतेक वेळा बाबांचा, तो बघतात महिन्यातून एकदा. फोन नंबर जुना. आईचं नाव संपर्कात आहे पण मेसेज पाठवा या चौकटीत खूण नाही, ती खूण नसली की शाळेचं काहीही आईला जात नाही. रोज एक तरी आई काउंटरवर येऊन म्हणते मला काहीच कळवत नाहीत, मी स्क्रीन फिरवून दाखवते आणि दोन मिनिटांत ते दुरुस्त होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी दारातच एक टेबल टाका, लॅपटॉप ठेवा आणि येईल त्याचं पोर्टल तिथल्या तिथे तपासून द्या. भाषणापेक्षा जास्त उपयोग होईल, अनुभवाने सांगते.

अजून एक. बऱ्याच मराठी घरांत नाव घालताना घरची भाषा इंग्लिश लिहितात, मुलाला ईएसएलमध्ये (इंग्लिश कमी येणाऱ्यांच्या वर्गात) टाकतील या भीतीने. घरची भाषा कोणती हा प्रश्न वेगळा आणि तुम्हाला पत्रं कोणत्या भाषेत हवीत हा वेगळा, दुसऱ्याचं उत्तर खुशाल खरं लिहा. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यामुळे ज्या पालकांना इंग्लिश नीट येत नाही त्यांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं शाळेवर बंधनकारक आहे, मीटिंगला दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पालकांनी द्यायचे नसतात. आपले लोक मागतच नाहीत, संकोच करतात. नातवाला भाषांतर करायला लावतात आणि नातू त्याला सोयीचं तेवढंच सांगतो.

आजी-आजोबांपर्यंत पोचायचं तर दुपारची कार लाइन (शाळा सुटताना मुलांना न्यायला लागणारी गाड्यांची रांग) गाठा. आमच्याकडे गेल्या वर्षी आम्ही दोघी-तिघी फेब्रुवारीचा पहिला आठवडाभर सुटायच्या आधी पाऊण तास गाड्यांच्या रांगेतून फिरलो, हातात अर्ध्या पानाचा पिवळा कागद, एका बाजूला इंग्लिश, दुसऱ्या बाजूला त्यांची भाषा. त्यावर तीनच ओळी होत्या, विषय निवडायची शेवटची तारीख, काउन्सेलरचा फोन, आणि हा कागद आज रात्री आईबाबांच्या हातात द्या. एक आजोबा रोज थांबवून विचारायचे, अगं पण म्हणजे काय निवडायचंय नेमकं. चौथ्या दिवशी ते स्वतःच मागच्या गाडीतल्या दुसऱ्या आजोबांना समजावत होते.

बँडवाली_आई

सगळ्यांचं वाचलं, वरच्या दादांचं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं सांगायचंय, रागावू नका. आपल्या लोकांच्या सभेत आल्जिब्रा आल्जिब्रा झालं की जी मुलं तयार नाहीत त्यांनाही ढकललं जातं. माझ्या मुलीला मी असंच ढकललं. आठवीत ती रात्री अकरापर्यंत बसायची आणि तरी ऑक्टोबरमध्ये सहा आठवड्यांचे मार्क ६६ आले. टेक्सासमध्ये नियम आहे की एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की निदान तीन आठवडे स्पर्धा-खेळ बंद, तर तिची बँडची स्पर्धा गेली. क्लॅरिनेटची पेटी तिने पलंगाखाली सरकवली आणि कितीतरी दिवस बाहेर काढली नाही. मला तेव्हा हा नियमही माहीत नव्हता आणि ऑनर्सच्या (वरच्या पातळीच्या) विषयांना काही ठिकाणी सूट असते का हेही मी विचारलं नाही.

म्हणून ताई, त्या संध्याकाळी कोणीतरी हेही सांगा की नववीत आल्जिब्रा १ घेणारी मुलं मागे पडलेली नसतात. आल्जिब्रा १ नववीत, जॉमेट्री दहावीत, आल्जिब्रा २ अकरावीत, प्रीकॅल्क (कॅल्क्युलसच्या आधीचं गणित) बारावीत, चार गणितं पूर्ण होतात, डिप्लोमा व्यवस्थित मिळतो. गणिताच्या शिक्षकांनाच बोलवा आणि मूल तयार आहे हे कशावरून ओळखायचं ते त्यांना विचारा, दुसऱ्या पालकांना नको.

आणि बँड, ऑर्केस्ट्रा, ॲथलेटिक्सचं वेगळं सांगा. हायस्कूलचा मार्चिंग बँड शाळा उघडायच्या आधीच, भर उन्हाळ्यात सुरू होतो, आणि लोकांची भारताची तिकिटं त्याच तारखांची काढलेली असतात! मार्चिंग बँड पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) क्रेडिटऐवजी धरता येतो, तेही बहुतेकांना माहीत नसतं.

जर्सीवाला

आम्ही न्यू जर्सीला, इथलं गणित वेगळं आहे (डिप्लोमाला १२० क्रेडिट, मोजायची पद्धतच निराळी), त्यामुळे नियमांचं बोलत नाही. फक्त इतकं की इथे काउंटीच्या मॅग्नेट शाळांचे (निवडून प्रवेश देणाऱ्या खास शाळांचे) अर्ज आठवी सुरू झाल्या झाल्या असतात, फेब्रुवारीत सभा घेतली तर ते निघून गेलेलं असतं. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तसल्या खास शाळा किंवा अकॅडमी असतील तर त्यांच्या तारखा आधी बघा, सभा त्यावरून ठरवा.

आणि मराठीचं कोणी बोललं नाही म्हणून, आमच्या डिस्ट्रिक्टने मुलाची मराठीची परीक्षा घेऊन परभाषेचं क्रेडिट दिलं. तो रविवारच्या मराठी शाळेत जायचा, लिहिता-वाचता येत होतं. टेक्सासमध्येही दोन परभाषेची क्रेडिट लागतात ना, तर काउन्सेलरना विचारून बघा.

सातवीची_आई

अरे बापरे, सगळ्यांचे खूप खूप आभार, दोनदा वाचून वहीत उतरवलं.

मावशी, तुमचं वाचून मी लगेच पोर्टल उघडलं आणि खरंच माझ्या नावासमोर ती खूण नव्हती, चार वर्षं! सगळं नवऱ्याच्या जुन्या ईमेलवर जात होतं. तेव्हा दारातलं टेबल नक्की. प्रिन्सिपलबाईंना आज लिहिलंय की सभा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊया, पाचवी-सहावीचे पालकही येऊ देत, आणि गणिताच्या एक शिक्षिका व हायस्कूलचे बँड डायरेक्टर येतील का. जीपीएचं काउन्सेलरना ईमेलने विचारलंय म्हणजे उत्तर लेखी मिळेल. बँडवाली ताई, तुमचं मी प्रास्ताविकातच घेणार आहे, नाव न घेता, चालेल ना? लेकीने क्लॅरिनेट परत काढलं का?

कार लाइनचा कागद मराठीत मी लिहिते, तेलुगूला शेजारीण तयार आहे, स्पॅनिशला शाळेतल्याच एकजणी. सासूबाईंना मसुदा वाचायला दिला तर त्या म्हणाल्या "निवड" काय लिहिलंयस, कोणाला कळणार, "पुढच्या वर्षी कोणते विषय घ्यायचे ते शुक्रवारच्या आत सांगायचं आहे" असं सरळ लिही. तसं केलंय.

बँडवाली_आई

चालेल, नाव घेतलंत तरी चालेल. हो, काढलं. आता दहावीत आहे आणि आल्जिब्रा २ मजेत चाललंय.