शब्दचर्चा: उंदरांची ‘स्मरणशक्ती’, ‘स्मृती’ की ‘धारणा’?

विचारणा

मेंदूतली पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि शिकणं या विषयावर मराठीत लेख लिहिते आहे. पेप्टाइड, संप्रेरक, पीयूषिका ग्रंथी हे शब्द रुळलेले आहेत, तिथे अडत नाही. अडतं ते या वाक्यापाशी: ‘व्हॅसोप्रेसिनमुळे उंदरांची स्मरणशक्ती वाढते.’ प्रयोगांची वर्णनं वाचल्यावर हे वाक्य पटेनासं झालं आहे. कोणता शब्द घ्यावा? आणि नुसतं ‘उंदीर’ म्हटलं तर पुरे का?

प्रतिसाद

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. शब्द ठरवण्याआधी उंदराने नेमकं काय केलं ते बघू.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या डेव्हिड डी वीड यांनी 1960च्या दशकात उंदरांच्या पीयूषिका ग्रंथीचा मागचा भाग काढून टाकला. पेटीचे दोन कप्पे; इशारा झाला की पलीकडे जायचं, नाहीतर पायांना विजेचा झटका. शस्त्रक्रिया झालेले उंदीर हे इतरांसारखंच शिकले. फरक पडला तो नंतर. झटका बंद केल्यावर धडधाकट उंदीर बराच काळ इशाऱ्यासरशी पळत राहिले, ग्रंथीचा मागचा भाग गमावलेल्यांनी ते लवकर सोडून दिलं. त्यांना व्हॅसोप्रेसिन, म्हणजे याच भागातून रक्तात सोडलं जाणारं संप्रेरक, दिल्यावर ही उणीव भरून निघाली. पुढे 1971मध्ये त्यांनी दाखवलं की धडधाकट उंदरांतही या संप्रेरकाचा परिणाम अनेक दिवस टिकतो. संप्रेरक स्वतः मात्र रक्तातून फार लवकर नाहीसं होतं.

म्हणजे वाढली ती शिकण्याची क्षमता नव्हे, शिकलेलं टिकणं वाढलं. ‘स्मरणशक्ती’ म्हटलं की आपल्या मनात पाढे पाठ असलेला मुलगा येतो, कायमचा अंगभूत गुण. एका धड्यापुरता झालेला परिणाम त्या शब्दात बसत नाही. मी लिहीन: ‘व्हॅसोप्रेसिन दिलेल्या उंदरांत शिकलेली गोष्ट अधिक काळ टिकली.’ साधं क्रियापद इथे नामापेक्षा चोख काम करतं.

आणखी एक. झटका बंद झाल्यावर पळणं थांबलं, याला ‘विसरले’ म्हणू नका. आता झटका येत नाही, हेही तो प्राणी शिकतच असतो. मानसशास्त्रात त्याला ‘विलोपन’ म्हणतात, तो शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.

प्रतिसाद

टिकण्यासाठी ‘धारणा’ हा जुना, नेमका शब्द आहे. अमरकोशात ‘धीर्धारणावती मेधा’ असं आहे: जी बुद्धी धरून ठेवते ती मेधा. पण आजचा वाचक ‘धारणा’ म्हणजे समजूत असं वाचेल, नाहीतर त्याला जमीनधारणा आठवेल. ‘धारणशक्ती’ केलं की पुन्हा ‘शक्ती’ आलीच. त्यामुळे ‘टिकणे’ला माझाही पाठिंबा.

‘स्मृती’ लिहिताना मात्र एक भान ठेवा. व्हॅसोप्रेसिन रक्तदाबही वाढवतं. 1980च्या सुमारास काही संशोधकांनी दाखवलं की रक्तदाबावरचा परिणाम औषधाने रोखला की वर्तनातला फरकही मावळतो. मग सुधारली ती स्मृती, की प्राणी नुसता जास्त सावध झाला? डी वीड यांच्या गटाकडे रेणूचं थोडं बदललेलं रूप होतं, त्यात रक्तदाब वाढवण्याचा गुण जवळपास नव्हता आणि वर्तनावरचा परिणाम शिल्लक होता. वाद असा दोन्ही बाजूंनी चालला. म्हणून तुमच्या वाक्यात ‘वाढते’ असं ठाम वर्तमानकाळी क्रियापद नको. ‘या प्रयोगात असं दिसलं’ म्हणा.

प्रतिसाद

‘स्मृतिरेणू’ हा शब्द कृपा करून कुठेही वापरू नका. त्यामागे एक फसलेली कल्पना आहे. ह्यूस्टनमध्ये जॉर्ज उंगार यांनी अंधाराची भीती शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूचा अर्क न शिकवलेल्या उंदरांना टोचला आणि तेही अंधार टाळतात असा दावा केला. हजारो मेंदूंमधून 15 अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड वेगळं काढून त्याला ‘स्कोटोफोबिन’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘स्कोटोस’ म्हणजे अंधार आणि ‘फोबोस’ म्हणजे भीती. 1972मध्ये ‘नेचर’ने तो लेख वॉल्टर स्ट्युअर्ट यांच्या सविस्तर टीकेसह छापला, आणि पुढे तो दावा टिकला नाही. स्मृती ‘पेप्टाइडात असते’ आणि पेप्टाइड ‘स्मृतीवर परिणाम करतं’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मराठीत घाईघाईने केलेला समास तो फरक पुसून टाकतो.

विचारणा करणारी

फार मदत झाली. व्हॅसोप्रेसिनसारखंच दुसरं पेप्टाइड, ऑक्सिटोसिन, त्याचं काय? ज्यांचं ऑक्सिटोसिनचं जनुक निकामी केलं आहे अशा उंदरांना ‘सामाजिक स्मृतिभ्रंश’ होतो, असं मी लेखात लिहिलं होतं.

प्रतिसाद

‘स्मृतिभ्रंश’ काढा. वाचकाला थेट म्हातारपणचा आजार आठवेल. 2000 सालच्या त्या प्रयोगात या उंदरांना वास येत होता, जागा लक्षात ठेवण्याची कसोटीही ते पार करत होते. फक्त एकदा भेटलेला उंदीर पुन्हा समोर आला तरी ते त्याला नव्यासारखेच हुंगत बसत. एरवी दुसऱ्या भेटीत हुंगणं कमी होतं. यासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे: ‘ओळख’. ‘भेटलेल्या उंदराची त्यांना ओळख पटत नाही’ एवढं पुरतं.

आता ‘उंदीर’. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीरच. डी वीड यांचे प्रयोग रॅटवर होते, हे जनुकाचे प्रयोग माऊसवर. दोन्ही एकाच लेखात येणार असतील तर सुरुवातीलाच सांगा आणि पुढे ‘रॅट’, ‘माऊस’ असंच लिहा. ‘घूस’ चालणार नाही, तो वेगळा प्राणी. सगळ्यांना मिळून ‘कृंतक’ हा शास्त्रीय शब्द आहे, पण खारही त्यात येते.

विचारणा करणारी

मग वाक्य असं करते: ‘व्हॅसोप्रेसिन टोचलेले रॅट शिकले इतरांइतकेच, पण झटका बंद झाल्यावरही ते इशाऱ्याला अधिक दिवस प्रतिसाद देत राहिले.’ ‘स्मृती’ हा शब्द पुढच्या परिच्छेदात, रक्तदाबाच्या वादासोबतच आणते.